शिकविणारा कलावंत आणि आपले संगीतवाङ्मय

ग्वाल्हेरीच्या लष्कर भागातील दाल बाजार हे नाव ऐकून परगावच्या वाचकाच्या मनात संगीत येणार नाही. तो नावाप्रमाणेच धान्याचा व डाळींचा बाजार आहे. पोत्यांच्या थप्प्या, वजनकाटे, हातगाड्या, तुरीच्या भावाची चर्चा आणि पाठीवरचे ओझे सावरीत गर्दीतून वाट काढणारे हमाल, हे तेथील नित्याचे दृश्य. परंतु याच बाजारात नाट्यमंदिर आहे. आर्टिस्ट कंबाइन या संस्थेच्या नावाशी जोडलेल्या या रंगमंदिरात लष्करातील मराठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नाटके पाहिली, केली आणि गाणी ऐकली. बाहेर डाळ, आत नाटक, यात येथील कोणास कधी विसंगती वाटली नाही.

काही वर्षांपूर्वी तेथे एका तरुण गायकाचे गाणे होते. आवाज चांगला, तयारीही चांगली. तिलवाड्यातील ख्याल रंगत आला असता एक लांब सपाट तान घेऊन गायक समेवर आला, आणि एका मात्रेने आधी आला. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. आमच्या पुढच्या रांगेत याच बाजारातील एक दलाल बसले होते. समेसाठी उचललेला हात त्यांनी खाली पडू दिला नाही. तो हळूच परत गुडघ्यावर ठेवला आणि पुढच्या आवर्तनाची वाट पाहत राहिले. चेहऱ्यावर नापसंती नाही, शेजाऱ्याकडे कटाक्ष नाही. मध्यंतरात आम्ही विचारले तेव्हा कळले की, लहानपणी चार वर्षे ते एका मास्तरांच्या घरी संध्याकाळी जात असत. पुढे दुकान आले, गाणे सुटले. "गळा गेला, हात राहिला," असे ते हसून म्हणाले.

हा हात कोणी घडविला, हा प्रश्न आम्ही येथे विचारू इच्छितो. आणि त्याचे उत्तर आपल्या मराठी संगीतविषयक वाङ्मयात का सापडत नाही, हा त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न.

आपले हे वाङ्मय दरिद्री नाही. गोविंदराव टेंबे यांच्या आठवणी, भातखंड्यांचे प्रचंड ग्रंथकार्य, प्रा. बी. आर. देवधरांची 'थोर संगीतकार'मधील व्यक्तिचित्रे, वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी', एवढी नावे घेतली तरी अन्य भाषाभगिनींस हेवा वाटावा. परंतु या सर्व वाङ्मयाचा नायक गाणारा आहे. शिकविणारा त्यात दोनदा येतो. प्रथम नायकाच्या बालपणी: पाणी भरावयास लावणारा, वर्षभर एकच पलटा घोटून घेणारा, कधी हाकलून देणारा गुरू. नंतर एकदम चरित्राच्या शेवटी, नायक स्वतः गुरू झाल्यावर, 'त्यांच्या शिष्यवर्गात अमुक, अमुक व अमुक हे प्रमुख होत' या एका वाक्यात. पहिल्या ठिकाणी शिकविणे ही अडचण असते, दुसऱ्या ठिकाणी यादी. मधली तीसचाळीस वर्षे, रोज संध्याकाळी एकाच सतरंजीवर बसून तोच यमन नव्या मुलास पहिल्यापासून सांगण्याची वर्षे, चरित्रकारास दिसत नाहीत.

ग्वाल्हेरीचा इतिहास लिहिताना तरी हे दुर्लक्ष चालावयास नको होते. या घराण्याच्या आरंभीची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमदखाँ गात असता हद्दूखाँ व हस्सूखाँ यांस पडद्याआड बसवून ते गाणे ऐकविण्यात आले आणि त्यांनी ते ऐकून उचलले, असे सांगतात. खरेखोटे कसेही असो. विद्या ही चोरूनच मिळावयाची वस्तू आहे ही त्या काळची समजूत तीत नेमकी उमटली आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९१४ साली, याच गावात कृष्णराव शंकर पंडित यांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. पडद्याआडून दारावरच्या पाटीपर्यंतचा हा प्रवास आम्हांस कोणत्याही तानबाजीपेक्षा अधिक विस्मयकारक वाटतो. शिवाय पाटीवर नाव स्वतःचे नव्हे, वडिलांचे. आणि ते वडील शंकरराव हेच त्यांचे गुरू.

मधल्या काळात पडदा एकदम फाटला नाही, धाग्याधाग्याने विरत गेला. हस्सूखाँनी वासुदेवबुवा जोशांस शिकविले. जयाजीराव शिंदे १८८६ साली निवर्तल्यानंतर निसार हुसेनखाँचा दरबारी आश्रय सुटला, आणि ते लष्करात शंकरराव पंडितांच्या घरी येऊन राहिले. मुसलमान उस्ताद मराठी ब्राह्मणाच्या घरात नांदतो आणि घरातील माणसांस विद्या देतो, ही गोष्ट त्या काळी किती अवघड असेल याची कल्पना करावी. तिचे वर्णन आपल्याकडे बहुधा औदार्याची कथा म्हणून होते. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ निराळा आहे. शिकविणे दरबारातून उठून वस्तीत आले. ज्या घरात स्वयंपाक होतो, मुले रडतात, शेजारी डोकावतात, त्या घरात आता तंबोरा लागू लागला. आणि ज्यांस शिकावयाचे नव्हते त्यांच्याही कानांवर तो पडू लागला.

वासुदेवबुवांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) हे गाणे दक्षिणेत नेले. मिरजेस त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर शिकले. १९०१ च्या मे महिन्यात त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. ही कथा आपण पुष्कळ वेळा सांगितली आहे आणि ती सांगण्यासारखीही आहे. पण तीत गाणे ग्वाल्हेरीहून निघून जाते. जे येथेच राहिले आणि शिकवीत राहिले, त्यांचे काय?

राजाभैया पूछवाले (१८८२–१९५६) हे अशा राहिलेल्यांपैकी. १९१७ च्या सुमारास माधवराव शिंद्यांनी येथील काही गायकांस मुंबईस भातखंड्यांकडे पाठविले, ते स्वरलेखन व अध्यापनाची नवी पद्धत शिकण्यासाठी. राजाभैया त्यांत होते. पुढे १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि त्यांचे उर्वरित आयुष्य बहुतांशी त्यातच गेले. चरित्रकार हा प्रसंग एका ओळीत संपवितात. आम्हांस तेथे थांबावेसे वाटते. पस्तिशीचा, गावात नाव असलेला गवई पाटी घेऊन पुन्हा विद्यार्थी होतो; आणि शिकतो काय, तर जे आपल्या गळ्यात आधीच आहे ते कागदावर कसे मांडावे. गळ्यातून सहज निघणारी हरकत अक्षरांत उतरविताना पहिल्यांदा ती आपल्यालाच नीट ठाऊक नव्हती असे उमगते. हा अनुभव व्याकरण प्रथम शिकविणाऱ्या प्रत्येक भाषाशिक्षकास आहे. तो पत्करावयास मैफल जिंकण्यापेक्षा अधिक धैर्य लागते, असे आमचे मत आहे.

या मंडळींनी पुस्तके लिहिली. राजाभैयांची 'तानमालिका', कृष्णरावांचे 'संगीत सरगम सार' आणि 'संगीत आलाप संचारी' ही त्यांतली ठळक. साहित्याच्या अभ्यासकाने ती उघडली तर तो पाचव्या पानावर मिटेल. अक्षरांच्या रांगा, मात्रांच्या खुणा, मधूनमधून त्रोटक सूचना. त्यांस वाङ्मय म्हणावे असा आमचा आग्रह नाही. मात्र ती वाचण्याची एक रीत आहे, आणि ती नाटकाची संहिता वाचण्याच्या जवळची आहे. संहितेत अर्धे नाटक असते, उरलेले अर्धे नटाच्या अंगात. येथे उरलेले अर्धे मास्तरांच्या तोंडी होते. छापील खुणेप्रमाणे कोमल स्वराखाली आडवी रेघ द्यावयाची. दरबारीतील गांधाराखाली ती रेघ आहे आणि भीमपलासीतील गांधाराखालीही तीच रेघ आहे. दोन्ही गांधार एक नाहीत, हे पुस्तक सांगू शकत नाही. मास्तर सांगतात, तेही शब्दांनी नव्हे. मुलाने चुकीचा लावला की डोळे मिटून मान हलवितात आणि स्वतः लावून दाखवितात. ही पुस्तके त्या मान हलविण्यासाठी मोकळी सोडलेली जागा आहेत. जागा मोकळी दिसते म्हणून पुस्तक रिते ठरविणे हे समीक्षेचे काम नव्हे.

भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'ची गोष्ट वेगळी. पहिला भाग १९१० चा, चौथा १९३२ चा. आणि हा सारा विस्तार गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मराठीत लिहिलेला. आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी या ग्रंथाकडे गद्य म्हणून पाहावयास हवे होते. संवादाचा घाट जुना आहे, परंतु येथील शिष्य केवळ 'होय महाराज' म्हणणारा नाही. तो शंका काढतो, दोन ग्रंथकारांतील विरोध दाखवितो, पुढे काय असे विचारतो. ज्या विद्येत प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजत, तीत शिष्याच्या तोंडी इतके प्रश्न घालणे ही मोठी गोष्ट होती. भाषाही वकिलाची: मुद्द्यावर चिकटून राहणारी, पुरावा मागणारी, क्वचित मिस्कील. शिक्षणशास्त्राच्या किती पोथ्यांपेक्षा हे पुस्तक आम्हांस वर्गात उभे राहताना उपयोगी पडले.

तरीही एक उणीव आहे, आणि ती लहान नाही. या हजारो प्रश्नांत शिष्याचा आवाज कोठे फाटत नाही. त्यास पडसे होत नाही, तो दोन दिवस दांडी मारीत नाही, त्याचा षड्ज ढळत नाही. हा शिष्य बुद्धीने बनलेला आहे. त्यास गळा दिलेला नाही. भातखंड्यांस सिद्धांत मांडावयाचा होता, तेव्हा हा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्यानंतर तरी कोणी गळा असलेला शिष्य लिहावयास हवा होता.

१९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'घरंदाज गायकी'कडे आम्ही या अपेक्षेने वळलो. वामनरावांचा ग्रंथ विचारांच्या स्वच्छतेचा नमुना आहे. घराणे हे मूळ गायकाच्या आवाजाच्या जातीतून कसे आकारास येते आणि स्वर व लय यांच्या तोलात प्रत्येकाची जागा कोठे पडते, हे त्यांनी असे मांडले की, पुढील चर्चेस ते टाळता आले नाही. परंतु सिद्धांत पत्करला की एक प्रश्न उभा राहतो, आणि तो शिक्षकाचा आहे. संस्थापकाच्या आवाजातून गायकी निघाली असेल, तर ज्या मुलाचा आवाज तसा नाही त्याचे काय करावयाचे? बारीक, अनुनासिक, मध्यसप्तकातच रमणारा गळा घेऊन दहा वर्षांचे पोर समोर बसले आहे. त्यास परत पाठवावयाचे, की त्या गळ्यास सोसेल एवढी गायकी बेतून द्यावयाची? गल्लीतील मास्तराने हा निर्णय रोज घेतला. बहलावा कोणास द्यावा, कोणास नुसती बंदिश नीट म्हणावयास लावावी, कोणास तबल्याकडे वळवावे, हे सारे घराण्याचे व्यवहारातील शास्त्र. ते कोणी लिहून ठेवले नाही. देवधरांनी मात्र आपल्या व्यक्तिचित्रांत शिकवणीचे प्रसंग आस्थेने टिपले आहेत. ते स्वतः १९२५ पासून मुंबईत शाळा चालवीत होते, हे त्याचे कारण असावे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो जुना आहे: वर्ग निघाले, परीक्षा निघाल्या, आणि गवई निपजावयाचे थांबले, शंभर विद्यार्थ्यांत एकही मैफलीचा गायक होत नाही, मग या खटाटोपाचा उपयोग काय? आक्षेप खोटा नाही, पण त्याचे गृहीतक खोटे आहे. गाण्याचा वर्ग गवई काढण्याचा कारखाना आहे असे धरले तरच तो पराभव ठरतो. मराठीत 'कानसेन' हा शब्द तानसेनाशी यमक जुळविण्यापुरता वापरून आपण त्याची थट्टा केली आहे. ग्वाल्हेरीत तानसेनाची समाधी आहे, तेथे १९२४ पासून समारोह भरतो. २०२३ साली युनेस्कोने या शहरास संगीताचे नगर म्हणून आपल्या यादीत घेतले. समारोहास कलावंत बाहेरून आणता येतात. पण एका मात्रेने चुकलेली सम ओळखून हात गुडघ्यावर परत ठेवणारा श्रोता बाहेरून आणता येत नाही. तो कोणा मास्तराच्या खोलीत चार वर्षे बसलेला असावा लागतो.

ही यादीची खोड संगीतापुरती नाही. इंदुरास देवळालीकर मास्तरांनी १९२७ पासून चित्रकला शिकविली. त्यांचे नाव निघते ते बेंद्रे व हुसेन यांच्या नावांच्या आधाराने. त्यांच्या हाताखालून निघून माळव्यातील शाळांत ड्रॉइंगमास्तर झालेल्यांची नोंद कोण ठेवतो? असो, तो विषय अधिकारी व्यक्तीने हाताळावा.

सर्वच मास्तर थोर होते, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. वीस बंदिशींवर चाळीस वर्षे काढणारे आम्ही पाहिले आहेत. खर्जाच्या नावाखाली कोवळे गळे बसविणारे, मुलींस 'लग्नापुरते' शिकविणारे, रागास आल्यावर वेताटीचा धाक दाखविणारे यांचीही वाण नव्हती. समीक्षा हवी ती यासाठीच. ज्याची समीक्षा होत नाही त्याचे चांगले आणि वाईट एकाच अंधारात राहते. मग गेल्यावर सर्वांची सारखीच श्रद्धांजली छापली जाते.

आणि आता आमच्या स्वतःच्या वहीतील एक पान उघडणे भाग आहे. आम्ही एका शाळेचे मुख्याध्यापक. तेथे आठवड्यास दोन तास गाणे होते. शिकविणारे मास्तर जुन्या शिस्तीतले. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. ज्यांनी पुढे संगीतात पदव्या घेतल्या अशा काहींस त्यांनी पहिला सा लावून दिला होता. पण त्यांस स्वतःस पदवीधराची वेतनश्रेणी मिळू शकत नव्हती. तो नियम आम्ही केला नाही, परंतु तो लागू करणाऱ्या कागदावर सही आमची आहे. ते निवृत्त झाले त्या वर्षी दहावीच्या निकालाची चिंता होती. जागा रिकामी होती, आणि आम्ही दोन्ही तास गणितास दिले. पालकांनी आभार मानले. तक्रार एकाही मुलाने केली नाही, आणि त्या गोष्टीने आमचे समाधान झाले होते हे सांगावयास आज संकोच वाटतो. जे तास गेल्याचे कोणास कळतही नाही, ते निरुपयोगी होते असा निष्कर्ष आम्ही, शिक्षणात आयुष्य घालविलेल्या माणसाने, काढला. हल्ली वर्षातून एकदा पाच दिवसांची कार्यशाळा होते. कलावंत येतात, मुले उत्साहाने गातात, छायाचित्र निघते. पाहुणे कलावंत बहुधा मास्तरांपेक्षा सरस गातात. पण सहाव्या दिवशी मूल बेसूर झाले की ते ऐकावयास कोणी नसते.

दाल बाजारातील तो हात पाहिल्यानंतर आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. ते आता नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांनी जुन्या वह्यांचे एक गाठोडे पुढे केले. पाच वह्या बंदिशींच्या, तशा पुष्कळ घरी आहेत. सहावी निराळी निघाली. ती हजेरीची वही होती. मात्र हजर-गैरहजरच्या खुणांपुढे मास्तरांनी बारीक अक्षरांत टिपणे केलेली. ती वाचताना भाषेची एक मौज ध्यानी येते. बंदिशी ब्रज भाषेतल्या, मुलांपैकी निम्मी हिंदी घरांतली, आणि टिपणे ठेचून मराठीत. वर्गात रागावणेही मराठीतच चाले. 'घाई नको', 'गळा सोड', 'पुन्हा' एवढी मराठी या गावात अनेक अमराठी माणसांस येते, ती अशाच खोल्यांतून आलेली आहे. लष्करातील मराठी कोठे टिकली याचा शोध घेणाऱ्यांनी सभांच्या अहवालांबरोबर हाही पुरावा तपासावा.

टिपणे अशी: एकीचा आवाज या महिन्यात खाली उतरला, पट्टी बदलावी. एकास तिलवाडा बोटांवर येतो, पण गाताना सुटतो. आठ दिवस नुसता ठेका ऐकवावा. एकाचे वडील वारले, गाण्यास बसवू नये, येऊ द्यावे. एकाच्या गळ्यात काही नाही, पण कान नेमका आहे; काढू नये.

या शेवटच्या नोंदीपुढे नाव आहे, ते आम्ही देत नाही. वहीचा कागद ठिसूळ झाला असून शाई पिवळी पडत चालली आहे. कुटुंबाच्या परवानगीने आम्ही ती रविवारी बसून उतरवून घेत आहोत. एकेचाळीस पाने झाली आहेत. साधारण तितकीच उरली आहेत. पुढील सत्रापासून गणिताच्या दोन तासांपैकी एक परत घेतला आहे. शिकवावयास कोण मिळते ते अद्याप ठरलेले नाही.